जवळ असूनही लांब का? भागीदारी, निकटता आणि ज्ञानाची देवाणघेवाण : नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरचे लहान कारखानदार, काटोल-नरखेडकडचे संत्रा बागायतदार आणि इथल्या प्रयोगशाळांमधले तरुण संशोधक यांच्याशी बोलताना भागीदार कसा निवडावा आणि ज्ञान एकमेकांपर्यंत कसं पोहोचतं याबद्दलचे काही प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. क्रम लावलेला नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तिथून वाचा. काही उत्तरं लांब झाली आहेत, कारण तिथे मामला तसाच गुंतागुंतीचा आहे.

निकटता म्हणजे अंतरच ना? नकाशा उघडला की कळलं.

नकाशावर एकाच प्रकारचं अंतर दिसतं. रॉन बोश्मा या डच अर्थ-भूगोलतज्ज्ञाने २००५ मध्ये निकटतेचे पाच प्रकार वेगळे करून दाखवले आणि त्यानंतरचा बराच अभ्यास याच चौकटीत झाला.

पहिली भौगोलिक, म्हणजे तुमच्या शेडपासून त्यांच्या फाटकापर्यंतचे किलोमीटर. दुसरी बौद्धिक: दोघांचं शिक्षण, अनुभव आणि धंद्याची भाषा किती जुळते. तिसरी सामाजिक: ओळख, विश्वास, पूर्वी एकत्र केलेलं काम. चौथी संघटनात्मक: दोघे एकाच कंपनीत, एकाच समूहात किंवा पक्क्या करारात बांधलेले आहेत का. पाचवी संस्थात्मक: दोघांवर चालणारे नियम, कामाच्या सवयी, यशाची मोजपट्टी सारखी आहे का.

बोश्मा यांच्या मांडणीतल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. नुसती भौगोलिक जवळीक नव्या कल्पनेसाठी पुरेशी नाही, आणि दर वेळी ती लागतेच असंही नाही. शिवाय पाचांपैकी कुठलीही जवळीक प्रमाणाबाहेर गेली की तीच नडते. नागपूरपुरतं माझं मत विचाराल, तर आपल्याकडे पहिल्या प्रकाराची चंगळ आहे. घोडं अडतं ते दुसऱ्या आणि पाचव्यापाशी.

व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल सगळं आहे. मग जवळ असण्याचं काय एवढं?

कुठलं ज्ञान द्यायचं-घ्यायचं आहे त्यावर ठरतं. नागपूर परिसरातलीच दोन उदाहरणं घेऊ.

कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, नीरीने (नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांमधून आरटी-पीसीआर करण्याची पद्धत काढली. नाका-घशात काडी घालायची नाही. नळीतल्या सलाइनने गुळणी करायची आणि ती त्याच नळीत परत घ्यायची. प्रयोगशाळेत त्यात बफर मिसळून नमुना अर्धा तास ठेवायचा आणि ९८ अंशांवर सहा मिनिटं तापवायचा. ही कृती कागदावर उतरते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नीरीने हे तंत्र केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाकडे सोपवलं, जेणेकरून ते देशभरच्या उत्पादकांना वापरता यावं. गुवाहाटीच्या माणसाला ते शिकायला वर्धा रोडवर राहायला यायची गरज नाही.

आता संत्र्याच्या कलमाकडे या. जंभेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा तर साल किती खोल कापायची, डोळा कोणत्या जाडीच्या फांदीवरून काढायचा, पट्टी किती आवळायची, हे शेंदुरजना घाटच्या नर्सरीतला जुना माणूस हाताने दाखवतो. त्याला लिहायला सांगा. चार ओळी लिहील आणि त्या वाचून तुमची निम्मी कलमं मरतील. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६० च्या दशकात हेच मांडलं होतं की माणसाला सांगता येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असतं. असं ज्ञान शेजारी उभं राहून, चुकत-माकत, हातावर फटका खाऊनच मिळतं.

म्हणून कागदावर मावणाऱ्या गोष्टीसाठी फोन पुरे, हातात असलेल्या गोष्टीसाठी माणूस समोर हवा. अडचण अशी, की नव्या कल्पनेची सुरुवात जवळजवळ नेहमी हातातच होते आणि कागद नंतर येतो.

आकड्यांतही हे दिसतं. जॅफे, ट्रायटेनबर्ग आणि हेंडरसन या तिघांनी १९९३ मध्ये अमेरिकेतली पेटंटं तपासली. नव्या पेटंटात ज्या जुन्या पेटंटांचा आधार घेतलेला असतो, ती अपेक्षेपेक्षा बरीच जास्त वेळा त्याच शहराच्या परिसरातली निघाली. एखादा उद्योग मुळातच एका भागात गोळा झालेला असतो, ही बाब हिशेबात धरूनही. पेटंट तर छापील आणि जगात कुणालाही खुलं. तरी वाचलं जातं जवळचंच.

त्याहून लहान पल्ल्याचं पाहायचं तर एमआयटीचे थॉमस ॲलन यांचं सत्तरच्या दशकातलं काम आहे. एकाच संस्थेतल्या अभियंत्यांच्या टेबलांमधलं अंतर वाढत गेलं की त्यांचं तांत्रिक बोलणं झपाट्याने घटतं आणि सुमारे ५० मीटरच्या पुढे ते नगण्य होतं, असं त्यांना आढळलं. पन्नास मीटर! म्हणजे आपल्या कॉलेजांमध्ये मेकॅनिकल आणि केमिकल विभागांच्या इमारती वेगळ्या असणं, हेच केवढं अंतर.

अमरावती रोडवर एवढ्या संस्था ओळीने आहेत. मग आपोआप काही घडत का नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि बहुतेकदा चिडून.

यादी खरोखर मोठी आहे. १९४२ पासूनची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, आपली एलआयटी. तिच्या आसपास विद्यापीठाचा परिसर, पुढे राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, आणि वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र. वर्धा रोडच्या बाजूला नीरी आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था. अंबाझरीजवळ व्हीएनआयटी ही अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था. एवढ्या वेगवेगळ्या विषयांच्या राष्ट्रीय संस्था असलेली शहरं देशात फार नाहीत.

अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये लिहिलं होतं की एका धंद्याची माणसं एका गावात गोळा झाली की त्या धंद्याची गुपितं गुपितं राहत नाहीत, ती हवेतच असतात. ही कल्पना लोकांना इतकी आवडली की शंभर वर्षं सगळे 'हवेवर' विसंबून राहिले. मग २००५ मध्ये एलिसा जुलियानी आणि मार्टिन बेल यांनी चिलीतल्या कोल्चाग्वा खोऱ्यातल्या वाइन उत्पादकांचं जाळं काढून पाहिलं. द्राक्षमळे शेजारी-शेजारी, हवा सगळ्यांना सारखी. पण तांत्रिक सल्ला फिरत होता तो काही निवडक कंपन्यांमध्ये, ज्यांच्याकडे स्वतःचे तज्ज्ञ होते, स्वतःचे प्रयोग चालू होते. बाकीचे त्याच खोऱ्यात राहून जवळपास जाळ्याबाहेर होते. ज्याच्याकडे द्यायला काही आहे आणि घेतलेलं पचवायची ताकद आहे, त्यालाच लोक विचारतात आणि सांगतात.

कोहेन आणि लेव्हिन्थाल यांनी १९९० मध्ये या पचवण्याच्या ताकदीवरच बोट ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की बाहेरचं ज्ञान ओळखून, आत्मसात करून वापरायचं असेल तर घरात आधीपासून थोडंफार संशोधन चालू असावं लागतं. दहा माणसांच्या वर्कशॉपला हे ऐकायला कडू लागतं. पण त्याचा अर्थ प्रयोगशाळा उभारा असा नाही. रोजच्या बिघाडाची वही ठेवणारा एक डिप्लोमाधारक मुलगा ठेवला तरी मोठा फरक पडतो.

समजा, हिंगण्याचा एक ॲल्युमिनियम फाउंड्रीवाला वाडीच्या केंद्रात गेला. तो म्हणतो, 'साहेब, कास्टिंगमध्ये ब्लो-होल येतात, पावसाळ्यात तर फारच.' समोरचा शास्त्रज्ञ वितळलेल्या धातूतल्या हायड्रोजनच्या विद्राव्यतेबद्दल बोलू लागतो. दोघं बोलताहेत एकाच गोष्टीबद्दल. हवेतल्या, भट्टीतल्या, भंगारावरच्या ओलाव्यातून हायड्रोजन वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये शिरतो आणि धातू घट्ट होताना बाहेर पडू पाहतो, त्याचीच ती भोकं. पण कारखानदार मनात म्हणतो, 'हा पुस्तकी माणूस.' शास्त्रज्ञ म्हणतो, 'याच्याकडे भट्टीच्या तापमानाची नोंदसुद्धा नाही.' चहा होतो, फोटो होतो, विषय संपतो. अंतर अर्ध्या तासाचं, पण दोघांमध्ये पूल बांधणारं कुणी नाही.

आणि भाषा जुळली तरी पाचवी निकटता उरतेच. कारखानदाराला उत्तर दिवाळीच्या ऑर्डरच्या आधी हवं. सरकारी संस्थेचं घड्याळ ३१ मार्चला जुळवलेलं. शास्त्रज्ञाची बढती शोधनिबंधावर, तुमची कमाई निबंध न छापण्यावर. एवढंच काय, या संस्था एकमेकींनाही परक्या असतात. नीरी सीएसआयआरच्या (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या) छत्राखाली, कापूस आणि लिंबूवर्गीय संस्था कृषी संशोधन परिषदेच्या, ॲल्युमिनियम केंद्र खाण मंत्रालयाकडचं, व्हीएनआयटी शिक्षण मंत्रालयाकडची. फायली वर दिल्लीत जातात, बाजूला जात नाहीत. यात कुणा एकाची चूक दाखवता येत नाही, म्हणूनच ते सुटतही नाही.

भागीदार आमच्याच लाइनचा असावा की दुसऱ्या?

थोडा दुसऱ्या लाइनचा. किती थोडा, हाच खरा प्रश्न. बार्ट नूटबूम या डच अर्थशास्त्रज्ञाने हे नातं उलट्या 'यू'सारखं असल्याचं दाखवलं. बौद्धिक अंतर शून्य असेल तर समोरचा तुम्हाला माहीत असलेलंच सांगणार. फार वाढलं तर काही कळणारच नाही. मधे कुठेतरी एक टप्पा असतो, जिथे माणूस नवं सांगतो आणि ते समजतंही. तुमची स्वतःची तयारी जितकी जास्त, तितका हा टप्पा लांब सरकतो.

नागपूरच्या इतिहासात याचं एक झकास उदाहरण आहे. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हा व्यवस्थापक म्हणून बेझनजी मेहता यांना आणलं. ते रेल्वेच्या मालवाहतुकीतले अधिकारी. कापडाचा गंधही नव्हता. जोडीला सूत-विणकामाचे जाणकार म्हणून लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी होते. एकाला माल, माणसं आणि हिशेब कळत होता, दुसऱ्याला चाती. रिंग स्पिंडलचं नवं तंत्र हिंदुस्थानात ज्या गिरण्यांनी सुरुवातीलाच आजमावलं त्यांत एम्प्रेसचं नाव येतं. दोघंही लँकेशायरचे अनुभवी असते, तर तिथे त्या काळी रुळलेल्या म्यूल या जुन्या सूतकताई यंत्राच्या चात्याच त्यांना पुरेशा वाटल्या असत्या, असा माझा कयास आहे.

टॉम ब्रुकेल आणि बोश्मा यांनी नेदरलँडच्या विमान-उद्योगावरच्या २०१२ च्या अभ्यासात या प्रकाराला विरोधाभास म्हटलं. कंपन्या ज्ञानासाठी आपल्यासारख्याच कंपन्या शोधतात, पण फार सारख्या भागीदारांमुळे त्यांची नवं काही करण्याची क्षमता घटते. जोडी जमवायला जे सोपं, ते फळ द्यायला कमी.

मेव्हण्याचं वर्कशॉप, वर्गमित्राची एजन्सी. ओळखीत काम पटकन होतं. यात वाईट काय?

सुरुवातीला काहीच वाईट नाही. विश्वास नसेल तर कुणी अपयश सांगत नाही, आणि अपयशाची माहिती यशाच्या माहितीइतकीच मोलाची. 'ही मिश्रधातू आम्ही वापरून पाहिली, तडे गेले' हे वाक्य ब्रोशरमध्ये कधीच नसतं, ते लग्नाच्या पंगतीतच ऐकायला मिळतं.

दुखणं दहा वर्षांनी सुरू होतं. तेच पाच जण, तेच पुरवठादार, तीच तर्री-पोह्याची टपरी, तीच मतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नवी बातमी बहुधा दूरच्या, सैल ओळखीतून येते. जवळच्या माणसाला जे कळलेलं असतं ते तुम्हालाही कळलेलंच असतं. जर्मनीतल्या रूर भागाचा गेर्नोट ग्राभर यांनी १९९३ मध्ये केलेला अभ्यास तर वाचताना अस्वस्थ करतो. कोळसा आणि पोलादाच्या कंपन्या, त्यांचे पुरवठादार, स्थानिक राजकारणी यांची दोस्ती इतकी घट्ट होती की मागणी ओसरतेय हे दिसत असूनही सगळे एकमेकांना 'येईल पुन्हा तेजी' असं सांगत राहिले.

संत्र्यात हे डोळ्यांसमोर घडलेलं आहे. शेजारच्या नर्सरीचं पाहून नर्सरी, त्याच वाफ्यात वर्षानुवर्षं रोपं, तीच माती. ज्ञान फिरलं आणि त्याच वाटेने डिंक्याची फायटोफ्थोरा बुरशीही फिरली, कलमाच्या मुळांना चिकटून बागेपर्यंत. निर्जंतुक केलेल्या मिश्रणात, वाफ्याऐवजी पिशवीत किंवा कुंडीत रोप वाढवा आणि डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर भरा, हा सल्ला बाहेरून, संशोधन संस्थेकडून यावा लागला. नर्सरीवाल्यांच्या आपापसातल्या गप्पांतून तो आला नसता, कारण त्या गप्पांत वेगळं करणारा कुणी नव्हता.

नाती तोडा असं मी म्हणत नाही. पाच ओळखीच्या माणसांत एक अनोळखी बसवा.

शेजारचा कारखाना माझा स्पर्धक आहे. त्याला काही सांगायचं म्हणजे पायावर धोंडा नाही का?

एरिक फॉन हिपेल यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या लहान पोलाद-गिरण्या पाहिल्या. प्रतिस्पर्धी गिरण्यांचे अभियंते एकमेकांना सर्रास फोन करून तांत्रिक सल्ला विचारत होते, देतही होते. कागद नाही, पैसा नाही. हिशेब मात्र पक्का होता, डोक्यात. मी आज सांगितलं, उद्या तू सांगायचं. आणि जो फक्त विचारतो, त्याचा फोन हळूहळू कुणी उचलत नाही.

ते सगळंच सांगत नव्हते. मशीन बंद पडलं, कुठला बेअरिंग टिकतो, कुठल्या पुरवठादाराचा माल फसवा, भट्टीचं अस्तर किती दिवस जातं, असल्या गोष्टी मोकळेपणाने. ज्यावर गिऱ्हाईक टिकून आहे ती गोष्ट पोटात. तुम्हीही हीच रेघ आखा. 'हे त्याला कळलं तर माझं गिऱ्हाईक जाईल का?' उत्तर 'नाही' असेल तर सांगून टाका. आपल्याकडे लोक बेअरिंगचा ब्रँडसुद्धा लपवतात आणि गिऱ्हाइकांची यादी ऑफिसच्या भिंतीवर लावतात.

आमचा तयार केलेला कारागीर पलीकडच्या गल्लीत गेला. ज्ञान गेलं. अडवता येतं का?

नोकरी सोडल्यानंतर 'अमुक वर्षं दुसरीकडे काम करणार नाही' अशी अट भारतात सहसा टिकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा-व्यवसायाला आडकाठी करणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक असतो. नोकरी चालू असतानाची बंधनं आणि गोपनीय माहिती जपण्याची अट यांचं वेगळं, ती लागू करता येतात. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, म्हणून करारातली भाषा नेमकी हवी.

यात एक गंमत आहे. कॅलिफोर्नियातही अशा अटींवरची बंदी १८७२ पासूनचीच. ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मध्ये सिलिकॉन व्हॅली आणि बॉस्टनजवळचा रूट १२८ हा उद्योगपट्टा यांची तुलना केली, तेव्हा व्हॅलीच्या पुढे जाण्याचं एक कारण त्यांना माणसांच्या या कंपनीतून त्या कंपनीत फिरण्यात आणि कामाबाहेरच्या त्यांच्या गप्पांत सापडलं. रूट १२८ च्या कंपन्या आपापली दारं लावून बसल्या होत्या. म्हणजे तुमचा कारागीर गेला हे तुमचं नुकसान, हिंगण्याचं नाही. आणि तुमच्याकडे आलेला कुणीतरी दुसऱ्याचं नुकसान करूनच आला आहे. गेलेल्याशी भांडू नका, दसऱ्याला सोनं द्यायला बोलवा. नव्या जागी तो काय पाहतो हे कळायचा तोच रस्ता आहे.

भागीदार पुण्यात किंवा परदेशात आहे. दर महिन्याला जाणं झेपत नाही.

दर महिन्याला जायची गरजही नाही. आंद्रे टोर आणि अलेन रॅले या फ्रेंच अभ्यासकांनी तात्पुरत्या निकटतेची कल्पना मांडली. कायम शेजारी राहण्याऐवजी कामाच्या ठरावीक टप्प्यांवर एकत्र आलं तरी बरंच साधतं. माझ्या अनुभवात तीन टप्पे महत्त्वाचे. अगदी सुरुवातीला, काय करायचं हे ठरताना. पहिली चाचणी होताना, कारण तेव्हा जे बिघडतं ते कॅमेऱ्यात दिसत नाही. आणि वाद झाला की. वाद ई-मेलवर मिटत नाहीत, वाढतात. मधलं सगळं फोनवर चालतं.

प्रदर्शनं याच जातीची. नागपूरच्या ॲग्रोव्हिजन या कृषी प्रदर्शनाला जो शेतकरी स्टॉल पाहत फक्त पिशव्या गोळा करतो त्याला पिशव्या मिळतात. ज्याने आधी ठरवलं की अमुक ठिबकवाल्याला अमुक तीन प्रश्न विचारायचे, त्याचं वर्ष सुधारतं. समृद्धी महामार्गाने मुंबईकडचा रस्ता सोपा केला, पण सोप्या रस्त्याने कुणाकडे जायचं हे महामार्ग ठरवत नाही.

लांबच्या भागीदारासाठी दुसरी एखादी निकटता मजबूत लागते, हे विसरू नका. बीटी कापूस पाहा. जनुक अमेरिकेतल्या मोन्सँटोचं, बियाणं कंपनी जालन्याची महिको. हजारो किलोमीटर अंतर आणि दोन वेगळ्या जातीच्या कंपन्या. १९९८ मध्ये त्यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीची स्वतंत्र कंपनी काढली, म्हणजे भूगोलाची उणीव संघटनात्मक निकटतेने भरली. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. देशातली कापसाची केंद्रीय संस्था मात्र नागपुरात, पऱ्हाटीच्या मुलखात. शेताच्या जवळ असणं आणि जनुकाच्या जवळ असणं, या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. त्याचं पुढे बरं झालं की वाईट, गुलाबी बोंडअळीने काय केलं, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे आणि विदर्भात त्यावर रात्र जागवता येते.

हॅराल्ड बाथेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दोन्हींची गरज सांगितली: गावातली वर्दळ हवी आणि बाहेर जाणाऱ्या पाइपलाइनही हव्यात. पाइपलाइन महाग, ती मुद्दाम टाकावी आणि राखावी लागते. लहान युनिटने एकच टाकावी.

एमओयू (सामंजस्य करार) झाला. आता?

आता काहीच नाही. एमओयूवर पैसा, माणूस आणि तारीख या तिन्हींपैकी एकही लिहिलेली नसेल तर तो फोटोसाठी होता.

मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या उद्योग प्रकल्पात, मोठ्या कंपन्या आल्या. त्यांचं ज्ञान आमच्यापर्यंत झिरपेल?

आपोआप नाही. निर्णय कुठे होतात ते पाहा. डिझाइन आणि खरेदी बंगळूरु-मुंबईत ठरत असेल आणि इथे फक्त काम होत असेल, तर त्या कंपनीची खरी निकटता नागपूरशी नसून तिच्या मुख्यालयाशी आहे. आयटी कंपन्यांतून ज्ञान बाहेर येतं ते प्रामुख्याने नोकरी सोडून स्वतःचं काही काढणाऱ्या मुलांमार्फत, आणि त्याला वर्षं लागतात.

विमान-उद्योगाचं थोडं निराळं आहे. सुटे भाग पुरवायचे तर एएस ९१०० हे गुणवत्ता-मानक मागितलं जातं. ते मिळवताना लहान वर्कशॉपला प्रत्येक तुकड्याचा माग ठेवावा लागतो, मोजमापाची साधनं वेळोवेळी तपासून घ्यावी लागतात, ऑडिट करणारा येऊन नको तिथे बोट घालतो. ऑर्डर मिळो न मिळो, ती शिस्त राहते. मोठ्या कंपनीकडून तुम्हाला मिळणारं ज्ञान बहुतेकदा असल्या कंटाळवाण्या कागदांच्या रूपातच येतं.

संस्थेबरोबर मिळून काही शोधलं. पेटंट दोघांच्या नावावर घ्यावं का?

घेता येतं, पण आधी पेटंट कायदा, १९७० चं कलम ५० वाचा. वेगळा करार नसेल तर सहमालकांचा वाटा समान धरला जातो. प्रत्येकजण तो शोध स्वतःसाठी वापरू शकतो, दुसऱ्याला हिशेब न देता. पण परवाना देणं किंवा आपला वाटा विकणं दुसऱ्याच्या संमतीशिवाय होत नाही. संस्था स्वतः कारखाना चालवत नाही, म्हणून तिला परवानाच द्यायचा असतो. तुम्ही 'नाही' म्हणालात की तिचा वाटा अडला. उलट तुम्हाला भांडवलदार आणायचा असेल आणि त्याला पेटंटचा परवाना हवा असेल, तर सही संस्थेची लागते, आणि ती सही किती टेबलांवरून येते हे तुम्ही जाणता.

म्हणून घट्ट मैत्री असतानाच लिहून घ्या: कुणी कुठल्या क्षेत्रात वापरायचं, परवान्याचा पैसा कसा वाटायचा, फी कुणी भरायची. आणि अर्ज दाखल होईपर्यंत शोधनिबंध, प्रदर्शन, फेसबुक, सगळं बंद. एकदा जाहीर झालं की नावीन्य गेलं. याला काही अपवाद आहेत, पण ते अरुंद आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नये. घाई असेल तर तात्पुरता अर्ज करा, पूर्ण तपशिलाचा अर्ज द्यायला त्यापासून १२ महिने मिळतात. नक्की भाषा पेटंट एजंटकडूनच करून घ्या.

आमचं जाळं कसं आहे हे मोजता येतं का?

संशोधक मोजतात. भौगोलिक अंतर किलोमीटरमध्ये किंवा प्रवासाच्या वेळात, बौद्धिक अंतर पेटंटच्या वर्गवारीतल्या साम्यावरून, सामाजिक निकटता पूर्वीच्या सामाईक प्रकल्पांवरून.

तुमच्यासाठी एक कोरा कागद पुरे. मधोमध तुमचं युनिट काढा. गेल्या वर्षभरात तांत्रिक अडचण आल्यावर कुणाकुणाला विचारलं, ती नावं भोवती मांडा आणि रेघ ओढा. तुम्हाला कुणी विचारलं, त्यांच्याकडून आत येणारा बाण काढा. मग त्या लोकांपैकी कोण कोण एकमेकांना ओळखतं, तेही जोडा. आत येणारा बाण एकही नसेल तर तुमच्याकडे देण्यासारखं काही आहे हे लोकांना माहीत नाही. भोवतालचे सगळे एकमेकांना जोडलेले असतील तर नवी बातमी येणार कुठून, ते बघा. आणि संशोधन संस्थांकडे जाणाऱ्या सगळ्या रेघा एकाच ओळखीच्या शास्त्रज्ञावर संपत असतील, तर त्यांच्या निवृत्तीची तारीख आजच विचारून ठेवा आणि त्याआधी त्यांच्या दोन कनिष्ठांना कारखाना दाखवायला बोलवा.